पडद्याच्या अलीकडची मान

मी घरी परत येण्याआधी माझं काम एक लोड करत होता.

बैठकीत पाहुण्यांना टेकायला ठेवतात तसला लोड, आमच्याच शेतातला कापूस ठासून भरलेला. बाबा तो ओसरीतल्या चटईवर आडवा टाकायचे, त्याच्या एका टोकाला पंचा गुंडाळून डोकं करायचे आणि मानेचं काय करायचं ते त्या लोडावर करून दाखवायचे. ओसरी आणि मधली खोली यांच्यामधल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्याच्या कडेतून वहिनी बघायची आणि मधल्या खोलीत निजलेल्या बाईच्या मानेवर तसंच करायची. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन नागपूरहून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "तू निजत जा इथं. लोडाले हाडं नसतात." लोड परत बैठकीत गेला आणि मी चटईवर आले.

बाबा मेहकरच्या शाळेत ड्रिल मास्तर होते आणि गावातल्या आखाड्याचे वस्ताद. शाळेपेक्षा आखाड्यामुळेच लोक त्यांना ओळखत. कुणाची मान धरली, कुणाच्या कमरेत उसण भरली, कुणी बैलगाडीतून पडला, की त्याला आखाड्यात आणायचे. बाजारात बसून कट्कन मान मोडून देणारे काही जण होते, त्यांचं नाव काढलं तरी बाबांचा चेहरा उतरायचा. त्यांचं म्हणणं असं, की मान मोडून सुधारत नाही, कामाला लावून सुधारते. कुस्तीत सुरुवातीला दोघं पैलवान एकमेकांच्या मानेला मान भिडवून नुसते रेटत राहतात, त्याला खडाखडी म्हणतात. बाबांची सगळी विद्या त्या खडाखडीतून निघाली होती. दुखऱ्या माणसाच्या कपाळावर तळहात ठेवायचा आणि सांगायचं, लोट. तळहात मागे जाऊ द्यायचा नाही आणि पुढेही रेटायचा नाही. मग एका कानावर, मग दुसऱ्या, मग मागून. पाठ दुखत असेल तर पालथं निजवून अर्धा दंड काढायला लावायचा, फक्त कोपरांवर, छाती उचलण्यापुरता. पुरुष हे सगळं आखाड्यात, लाल मातीच्या कडेला बसून करत.

बायका घरी येत. जास्त करून बाजाराच्या दिवशी, एसटीने, आसपासच्या खेड्यांतून. डोक्यावर पाण्याची भांडी, पऱ्हाट्यांचे म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे भारे वाहून वाहून त्यांच्या माना खांद्यांत गेलेल्या असत. परक्या बाईला हात लावायचा नाही, हा बाबांचा नेम होता. त्यामुळे हात आईचे असायचे. आईला ते स्वतः शिकवू शकत, तिच्याच मानेवर करून दाखवू शकत. आईने ते काम बरीच वर्षं केलं, शेवटी शेवटी वहिनीला हाताशी घेऊन केलं, आणि ती गेली तेव्हा मी नागपूरला सहामाही परीक्षेचा अभ्यास करत होते.

आई गेल्यावर पंचाईत झाली ती अशी. वहिनीला आईकडून जेवढं मिळालं तेवढं तिला येत होतं. पण दर बाईचं दुखणं वेगळं, आणि नवं काही करायचं तर ते दाखवायचं कसं? सासरा सुनेच्या मानेला हात लावत नाही. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घेते, त्याच्याशी थेट बोलतही नाही. म्हणून पडदा, म्हणून लोड आणि लोडानंतर मी.

मला वाटलं होतं आईची जागा रिकामी आहे. गाडीत बसल्यापासून तेच डोक्यात होतं. सातव्या वर्षी मला मामांकडे नागपूरला पाठवलं, मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत. त्याआधीचं मला घरातलं फारसं आठवत नाही, पण संध्याकाळ आठवते. बाबा आखाड्यातून येऊन ओसरीत पालथे पडायचे आणि मी खिडकीचा गज धरून त्यांच्या पाठीवर चालायची. त्यांच्या अंगाला माती आणि तेल असा एकत्र वास यायचा. नागपूरला मी जे शिकले ते चांगलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात मी पाहुणी झाले होते. सुट्टीत आले की बाबा मला बैठकीत बोलवायचे आणि गावातल्या चार लोकांसमोर इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला सांगायचे. मी खाली बघून वाचायची. लोक मान डोलवायचे. वाचून झालं की मी आत जायची आणि बाबा आखाड्याचं बोलायला लागायचे.

आता परीक्षा झाली होती. पुढे कॉलेजात घालायचं की लग्न बघायचं हे ठरलेलं नव्हतं. तोवर मला एक गोष्ट हवी होती, बाबांच्या हातातलं जे आहे ते माझ्या हातात यावं. मी हे कुणाला सांगितलं नाही. मी फारसं काही कुणाला सांगत नसे.

वहिनी बीबी गावाकडची. लहानखुरी, सावळी, हाताची बोटं आखूड. चौथीपर्यंत शिकलेली आणि त्याचं तिला काही वाटत नसे. तिला स्वतःचं कौतुक आवडायचं आणि ते ती लपवत नसे. "माह्या हाताखालून गेलेली बाई परत येत नाही," असं ती विहिरीवर सांगायची, आणि ज्या परत येत त्यांच्याबद्दल म्हणायची, "घरी जाऊन पुन्हा भारा उचलते, मी काय करतो त्याले?" आमच्याकडे बायकाही ‘मी करतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. मी ‘जाते’ म्हणायची, तर ती माझी नक्कल करून दाखवायची, दादाला, शेजारणीला, एकदा तर चटईवर निजलेल्या बाईला. बाई दुखत असूनही हसली.

काम असं चालायचं. बाई आत चटईवर. वहिनी तिच्या उशाशी, पण नजर पडद्याच्या फटीतून बाहेर. मी ओसरीत, तोंड भिंतीकडे करून. बाबा माझ्या मानेवर बोटं फिरवायचे आणि सांगायचे, इथून धर, असं खाली ये, इथं थांब. सांगणं मला उद्देशून असायचं, कारण सुनेशी ते बोलत नसत. वहिनीला काही विचारायचं असलं की तीही मलाच म्हणायची, "बाई, मामंजीले विचारा, गाठ डाव्या अंगाले हाय, तर हात कोनता खाली?" मामंजी दीड हातावर बसलेले, सगळं ऐकत असलेले. ते म्हणायचे, "सांग तिले, उजवा." मग मी भिंतीला सांगायची, उजवा. काही दिवसांनी मी मधे बोलायचं सोडून दिलं. प्रश्न माझ्या अंगावरून तिकडे जायचा, उत्तर माझ्या अंगावरून इकडे यायचं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मला बाबा दोनच गोष्टी सांगायचे. हलू नको आणि मान ढिली सोड. आत मात्र एखादी गोष्ट नीट जमली, आणि ते बाईच्या श्वासावरून त्यांना बाहेर कळायचं, की ते पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, "हं." एवढंच. तो "हं" मी कान देऊन ऐकायची. आखाड्यातल्या पोरांनासुद्धा तो क्वचित मिळायचा.

एकदा जांभूळ खाऊन आल्यासारखे जांभळे ओठ असलेली एक म्हातारी आली होती. कपाळावर हात ठेवून लोट म्हटलं की ती एकतर पूर्ण जोर लावायची नाहीतर काहीच नाही. बाबांनी दोन-तीनदा माझ्या कपाळावर हात ठेवून दाखवलं, हळू, हळू वाढवत ने. आत काही जमेना. मग वहिनी आपल्या मनानेच म्हातारीला म्हणाली, "आजी, असं समज, डोक्यावर भरली घागर हाय आन् मागून कोनीतरी हाक मारली. मान वळवावी तर वाटते, पन वळवता येत नाही. तेवढाच जोर लाव."

म्हातारीने लावला. बरोबर लागला असावा, कारण ती "हाव, अस्संच" म्हणाली.

बाबा हसले. आवाज न करता, पोटातून हसायची त्यांची पद्धत होती. त्यांचे हात माझ्या मानेवर होते, त्यामुळे ते हसू मला आधी बोटांतून कळलं. माझ्या मानेवर, पण माझ्यासाठी नव्हे. मी भिंतीवरचा पोपडा बघत राहिले. हे मला का सुचलं नाही, असं मला वाटलं नाही. मला सुचणारच नव्हतं, मी कधी घागर डोक्यावर घेतलेली नव्हती. मला राग आला तो याचाच.

त्यानंतर वहिनीने सगळ्यालाच नावं ठेवायला सुरुवात केली. दंड म्हटलं की बायका लाजायच्या, दंड काय पैलवानांनी काढायचे. वहिनी त्याला ‘चुलीत फुंकर’ म्हणायची. पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, चुलीत फुंकर घालायला वाकतात तशी मान पुढे करायची. कानावर हात ठेवून रेटायला ती ‘जावेचं भांडण’ म्हणायची, कुणीच मागे सरायचं नाही म्हणून. बाबांनी ही नावं उचलली. एका संध्याकाळी ते आखाड्यातल्या कुठल्याशा पोराला सांगत होते, "अबे, चुलीत फुंकर घातल्यासारखं कर," आणि आखाडाभर हसू झालं. जेवताना त्यांनी हे दादाला सांगितलं. दादा तहसील कचेरीत कारकून, त्याला आखाड्याचा आणि तेलाच्या वासाचा लहानपणापासून तिटकारा. त्याने ऐकून घेतलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर दाताखाली धरून उभी होती, आणि तिचे डोळे असे चमकत होते की मी भाकरी न संपवताच उठले.

मला संधी मिळाली ती एकदाच. वहिनी बाजूला बसली होती. त्या चार दिवसांत तिने चुलीला, देवाला आणि माणसाला हात लावायचा नसे. नेमकी बीबीजवळची एक बाई आली, मान एका अंगाला कललेली, चेहरा दुखण्याने पिवळा. ती आधी एकदा येऊन गेली होती. बाबांनी लोड काढला, पंचा गुंडाळला आणि मला म्हणाले, "जा आत."

मी आत गेले. हाताला तेल लावलं. ओवा आणि लसूण घालून कढवलेलं तेल, त्याचा वास वहिनीच्या हातांना कायम यायचा, आता माझ्या हातांना आला. मला काय करायचं ते पुरतं माहीत होतं, माझ्या मानेवर ते कितीतरी वेळा झालं होतं. मी बाईच्या उशाशी बसले आणि तिच्या मानेखाली हात घातला.

बाईने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. मग परसाकडे नजर टाकली. तिकडे वहिनी घोंगडीवर बसून शेंगा फोडत होती. "राहू दे बाई," ती म्हणाली. "सूनबाईचं झालं की येतो मी. इतकं सोसलं, अजून थोडं सोसतो." आणि ती उठली, पदर सावरला, वाकड्या मानेने दाराशी गेली. जाताना वहिनीशी लांबून दोन शब्द बोलली. त्या दोघी एकाच बाजूच्या, त्यांच्या बोलण्यातले सगळे शब्द मला कळलेही नाहीत. वहिनी माझ्याकडे बघून काही म्हणाली नाही. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शेंगा फोडण्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं. तोंडाने काही मागण्याची मला सवय नव्हती, त्यामुळे फार विचार करून एकच वाक्य तयार केलं होतं, मलाही शिकवा. ते ओसरीत बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"तू जाशील," ते म्हणाले. "तिले राहायचं आहे."

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. आखाड्यातसुद्धा गाव सोडून जाणाऱ्या पोराला ते मोजकंच शिकवत. पोलिसांत भरती होऊन जाणार म्हटलं की त्याला दंड-बैठका भरपूर, डाव थोडे. शिकवलेलं गावात राहिलं पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब होता. मी जायची होते हे खरंच होतं. कॉलेजात किंवा लग्नाने, कुठेतरी. पण ही जी राहणार होती ती या घरात जन्मली नव्हती, तिने या ओसरीत कधी रांगून पाहिलं नव्हतं, बाबांच्या अंगाचा मातीचा वास तिला पडद्याआडूनच माहीत होता. तरी ती राहणार. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चटईवर निजले, तोंड भिंतीकडे करून. ढिली सोड, बाबा म्हणाले. मी मान सोडली नाही. त्यांनी दोनदा सांगितलं, मग तसंच काम चालवलं.

बीबीजवळची ती बाई ठरल्याप्रमाणे परत आली. मग अधूनमधून येत राहिली. पावसाळा लागता लागता तिची मान सरळ झाली, आणि तिने वहिनीसाठी हिरव्या बांगड्या आणल्या. वहिनीने त्या सगळ्या आळीला दाखवल्या.

नागपंचमी जवळ आली की आखाड्याची माती उकरतात. वर्षभराची दबलेली माती फावड्याने खालवर करायची, त्यात ताक, हळद, तेल घालायचं. हे काम पोरांचं, पण पहिलं फावडं बाबांचं असे. त्यांनी पहिलं मारलं, दुसरं मारलं, आणि वळून माती टाकताना कमरेतून गेले. दोघा पोरांनी त्यांना दोन्ही अंगांनी धरून आणलं. ओसरीत चटईवर, जिथे मी निजायची तिथे, त्यांना पालथं निजवलं.

पुढच्या काही दिवसांत एकेक पैलवान येऊन गेला. पण वस्तादाच्या पाठीवर जोर कोण लावणार? आधी पाया पडायचे, मग देवाची मूर्ती पुसावी तसा हात फिरवायचे. थोराड, तालुक्याच्या कुस्त्या मारलेले लोक, आणि बोटांत जीव नाही. बाबा दुखण्यातही चिडले. "अबे, मालीश करून राह्यला का हळद लावून राह्यला?" तो पोरगा लाल झाला आणि पुन्हा पाया पडून निघून गेला. दादाने करून पाहिलं, पण तेलाच्या वासाने तोंड फिरवून. वहिनी पडद्याशी उभी राहून हे सगळं बघायची. ज्या हातांनी गावोगावच्या बायका उठवल्या ते हात तिने पदरात गुंडाळून घेतले होते. ते मात्र मला बघायला आवडायचं.

शेवटी बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू ये."

मी हातावर तेल घेतलं आणि तशीच उभी राहिले. मानेचं सगळं मला आतून माहीत होतं, पण माझी कंबर कधी कुणी दाबली नव्हती. कुठून सुरू करायचं ते मला कळेना, आणि कळत नाही हे बाबांना विचारायचं नव्हतं. पडद्याआडून वहिनीने हाक मारली. मी आत गेले. तिने मला बायकांच्या चटईवर निजायला सांगितलं. "बाई, निजा. मी करून दावतो, तसंच तिकळे करा."

एवढे दिवस मी पडद्याच्या या बाजूला कधी निजले नव्हते. तिने माझ्या कमरेवर हात ठेवला. आखूड बोटं, तळवा खरखरीत. मणक्याच्या दोन्ही अंगांनी अंगठे घेऊन ती वर आली, एका जागी थांबली, आणि तिथे नुसतं वजन टाकून राहिली. रेटलं नाही. तिचे हात चांगले होते. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

मग मी बाहेर गेले आणि बाबांच्या पाठीवर तसंच केलं. विसरले की आत जायची, ती माझ्या पाठीवर पुन्हा करायची, मी पुन्हा बाहेर. एवढी शाळा शिकले, आणि शेवटी पुन्हा लोडच झाले, फक्त चालणारा. मी त्या जागेवर आले, थांबले, वजन टाकलं. त्यांचा श्वास लांब झाला. मला वाटलं, आता. आता "हं" येईल.

"सुनेचा हात हाय हा," बाबा म्हणाले.

पडद्याआड बांगड्या वाजल्या. हिरव्या.

मी हात धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ धूत बसले. तेलाचा वास साबणानेही जात नाही.

तरी रोज संध्याकाळी ते काम माझ्याकडेच राहिलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. बाबा आधी कुशीवर वळायला लागले, मग बसायला, मग भिंतीला धरून चालायला. नागपंचमीच्या कुस्त्या त्यांनी खुर्चीत बसून बघितल्या. कमरेच्या वर, उजव्या अंगाला एक जागा मात्र अडून होती. वहिनीने दाखवलेलं सगळं मी तिथे करून पाहिलं. अंगठ्याने, तळव्याने, कोपराने. ती मला आत नेऊन दाखवायची, दाखवताना तोंडाने च्-च् करायची, माझ्या मनगटात जोर नाही म्हणायची. जोर नव्हताच.

एका संध्याकाळी वहिनी परसात होती. बाबा पालथे निजलेले, मी त्या जागेवर कोपर लावून थकलेली. समोर खिडकी होती. गजांवर नवा रंग दिला होता, पण एक गज खाली थोडा वाकलेला, तो तसाच होता. मी उभी राहिले. मोठ्या मुलीने बापाच्या अंगाला पाय लावायचा की नाही याचा मी विचार केला, असं म्हणता येणार नाही. हात आपोआप गजाकडे गेला. मी उजव्या पायाचा तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला, अर्धा भार डाव्या पायावर, अर्धा गजावर, आणि टाच हळूच त्या जागेवर फिरवली.

बाबांची पाठ आधी ताठ झाली. मी पाय काढणार होते. मग ते थोडे डावीकडे सरकले, अगदी थोडे. पूर्वी मी कडेला आले की ते असेच सरकायचे, मी पडू नये म्हणून.

"गज धर," ते म्हणाले.

"धरला आहे," मी म्हटलं.

माझा पाय आता तेव्हासारखा लहान नव्हता, आणि त्यांची पाठही तेवढी रुंद वाटत नव्हती. पण कुठे खोलगट आहे, कुठे हाड लागतं, कुठे थांबायचं, हे तळव्याला अजून ठाऊक होतं. ती जागा काही वेळाने टाचेखाली मऊ लागली. बाबांना झोप लागली, तोंड थोडं उघडं. मी पाय काढला.

वळून बघते तर पडदा बाजूला झालेला आणि वहिनी दारात. सासरा समोर होता, पण झोपलेला, म्हणून तिचा पदर खांद्यावरच होता. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे, मग खिडकीकडे.

"हे म्या नाही दावलं तुम्हाले," ती हळू आवाजात म्हणाली. "कोनं शिकवलं?"

तिचा चेहरा मी नीट बघून घेतला. ओठ थोडे आत ओढलेले, हनुवटी वर. तसा चेहरा करून मी कितीतरी दिवस भिंतीकडे बघत पडले होते. माझा मला कधी दिसला नव्हता, तो आता समोर दिसला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पंच्याने पाय पुसत उगाच वेळ काढला.

रात्री भाकऱ्या थापताना तिने पुन्हा विचारलं, सहज विचारल्यासारखं. नागपूरले शिकवतात का असं? मी म्हटलं, भाकरी करपेल. तिने भाकरी उलटली. पुढच्या वर्षी मी कॉलेजसाठी अमरावतीला गेले, सुट्टीत येत राहिले, आणि मी आले की बाबा संध्याकाळी काही न बोलता खिडकीखाली चटई टाकतात. वहिनीचं नाव आता मेहकरच्या पलीकडेही गेलं आहे, तिच्याकडे बायका लांबून येतात. मी घरी असले की ती पडद्याच्या फटीतून ओसरीत बघत उभी राहते. मधेच एकदा तरी विचारते.

मी अजून सांगितलेलं नाही.